डेबोरा फोन उचलत नाही

—अहो नाही, उठताय कशाला? बसा, बसा. बाकडं काय माझ्या बापाचं आहे? मी सरकतो जरा. आणि चोरून ऐकत नव्हतो बरं का—तुम्ही फोनवर म्हणालात ना, ‘बांगड्यांना मीठ लावून ठेव गो’, तर कान आपोआप उभे राहिले, त्याला मी काय करणार? चाळीस वर्षं झाली मला इस्रायलात येऊन. ह्या इस्पितळासमोरच्या स्टॉपवर रशियन ऐकलं, अरबी ऐकलं, मोरोक्कोवाल्यांची भांडणं ऐकली—बांगडे आजच. वसईच्या? हां. गळ्यातल्या क्रुसावरून वाटलंच मला. मी झिराडचा. अलिबागेच्या अलीकडे, झिराड. सामाजी झिराडकर. बेने इस्रायल, कोकणातले यहुदी—आमच्या बापजाद्यांना गावात शनिवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. आता घाणा नाही, तेल नाही, शनिवार तेवढा राहिला. नाव काय तुमचं? सोफी. छान. आमच्यातही असतात सोफी. आणि तुमची म्हातारी बाई कुठे—जिची देखभाल करता ती? एक्स-रेला. मग तासभर निवांत बसा. आत ढकलतात, थांबवतात, परत ढकलतात. सकाळपासून तेच बघतोय मी.

हे? मनगटावरचं? प्लास्टिकची पट्टी आहे, नाव लिहून बांधतात. कापायची राहिली. छे, छे, पळून नाही आलो! सोडलं मला. बरं वाटतंय म्हणून सोडलं. म्हणजे—सोडलं असं नाही, मी सही करून निघालो. कागद असतो त्यांच्याकडे. डॉक्टरांचं न ऐकता आपल्या मर्जीने जातो, खाली सही. झालं. देश चांगला आहे हो, कोणाला जबरदस्ती नाही.

झालं काही नाही. येरुहामला राहतो मी, इथून बसने पाऊण तास. सकाळी आमच्या तिथल्या दवाखान्यात गेलो होतो, प्रेशर मोजायला. दर मंगळवारी जातो. दर मंगळवारी मोजलंच पाहिजे असं काही नाही, पण तिथली नर्स हात हातात घेते, पट्टा बांधते, ‘काय म्हणताय सामाजी’ विचारते—जातो. तर आज रांगेत उभा होतो आणि इथे, छातीच्या मधोमध, कोणीतरी वरवंटा आणून ठेवावा तसं. दुखणं नाही हो. वजन. आणि घाम. तिने वायरी लावल्या, मशीनमधून कागद निघाला, कागद बघितला आणि तिने गप्पाच बंद केल्या. मग अॅम्ब्युलन्स. येरुहाम गाव केवढं, अॅम्ब्युलन्स निघाली की सगळे रस्त्यावर येऊन उभे राहतात कोण आत आहे बघायला. मी डोळे मिटून पडून राहिलो.

इथे चांगलं बघतात, खोटं कशाला बोलू. पडद्याआड खाट दिली. इन्बाल म्हणून नर्स आहे—छातीवर नाव लावलेलं असतं—पोरगी एवढीशी, पण हात हलका, सुई टोचली ते कळलं नाही. मग डॉक्टर आला, लिओर, तोही तरणाच. म्हणाला, रक्ताची पहिली तपासणी तितकी वाईट नाही, सहा तासांनी परत बघू, पण आज घरी जायचं नाही, रात्रभर वायरी लावून ठेवणार. मी म्हटलं, बरं. खरंच म्हटलं हो! राहिलो असतो मी. मऊ उशी, अंगावर धुतलेली चादर, चहा दिला, चहाला दुसऱ्यांदा विचारलं—मला कुठे काय घाई होती? मग ती इन्बाल फारम घेऊन आली. नाव—सांगितलं. बापाचं नाव—सांगितलं. जन्म कुठला—झिराड तिला लिहिता येईना, म्हटलं बॉम्बे लिही पोरी. आणि मग—जवळचं माणूस कोण? कोणाला कळवू?

आता तुम्ही सांगा, काय सांगणार माणूस? लग्न झाल्यापासून एकेचाळीस वर्षं, ज्या ज्या फारमावर हा सवाल आला त्याच्यापुढे मी एकच नाव घातलं. बाटल्यांच्या कारखान्यात होतो, भट्टीवर—तिथे घातलं. घराच्या कागदावर घातलं. सवय होते जिभेला. मी म्हटलं, डेबोरा. बायको. नंबर? घरचा नंबर सांगितला, घडाघडा. ती गेली फोनकडे. आणि ती पाठमोरी झाल्यावर माझ्या ध्यानात आलं.

नाही. डेबोरा नाही आता. चार वर्षं झाली.

हाक मारायला पाहिजे होती ना? ‘थांब पोरी, चुकलं माझं.’ एवढंच म्हणायचं होतं. पण उजव्या पडद्याआड एक मोरोक्कोवाली म्हातारी, तिच्याभोवती सात माणसं, खुर्च्या पुरत नव्हत्या म्हणून दोघं खाटेवर. डावीकडे एक रशियन, त्याची बायको डब्यातून सूप घेऊन आलेली, चमच्याने भरवत होती. मधे मी. आणि मी ओरडून सांगू की माझं कोणी नाही? आणि एक सांगू का—ती पोरगी काचेमागे फोन कानाला लावून उभी होती, मला खाटेवरून दिसत होती. तिच्या कानात माझ्या घरचा फोन वाजत होता. माझ्या घरात, कपाटावर आहे तो, त्याच्यावर डेबोराने विणलेला रुमाल आहे. कधी वाजत नाही. आता हे तुम्हाला वेड्यासारखं वाटेल, पण मला वाटलं, वाजू दे. कोणीतरी माझ्या घरी फोन करतंय. वाजू दे जरा.

मुलंबाळं? आहे ना, मुलगा आहे. गिदोन. लोदला असतो, विमानतळावर, विमानं दुरुस्त करतो. मोठं काम. सून मिखल, एक नात आहे. रोज फोन करतो मुलगा. रोज म्हणजे—हो, आत्ताच म्हटलं मी, फोन वाजत नाही म्हणून. तुम्ही पण काय बाई, वकिलासारखं पकडता. सणाला करतो. सून करते सणाला. त्याचा नंबर नाही दिला मी. कामात असतो तो. विमानाखाली आडवा पडलेला माणूस, त्याला कशाला फोन?

तर इन्बाल आली परत. म्हणाली, तुमची बायको फोन उचलत नाही. त्या वेळीसुद्धा सांगता आलं असतं. पण मी काय म्हटलं? म्हटलं, तिचे गुडघे दुखतात, फोनपर्यंत यायला वेळ लागतो. का म्हटलं? देव जाणे. दुखायचे तिचे गुडघे, खोटं नव्हतं ते. मग त्या पोरीने पंधरा-वीस वेळा वाजू दिला, परत आली, म्हणाली, नाही उचलत. म्हटलं, कान पण जरा कमी आहेत. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. ती म्हणाली, शेजारी कोणी आहे का? शेजारी पनीना आहे, भली बाई आहे, शुक्रवारी वाटीभर काहीतरी आणून देते—पण पनीनाला फोन केला की ती पहिल्या वाक्याला सांगणार, कोण डेबोरा? म्हणून म्हटलं, शेजारी कोणी नाही. झालं! ती पोरगी माझ्या खाटेवर बसली, खाटेवर, माझा हात धरला, आणि डोळे एवढे मोठे करून म्हणते, आजोबा, म्हातारी बाई, गुडघे दुखतात, ऐकू कमी येतं, एकटी आहे, आणि दोन तास फोन उचलत नाही—पडली असेल हो ती! मी तिथल्या पोलिसांना सांगते, जाऊन बघतील, दार उघडलं नाही तर तोडतील, तुम्ही काळजी करू नका, तिलाही घेऊन येतील इथे.

हसा. मलाही हसू येतंय आता. पण तेव्हा—तुम्ही विचार करा, माझ्या घराचं दार तोडून दोन पोलीस आत, आणि हाक मारतायत, डेबोरा, डेबोरा. खोल्याखोल्यांतून. सगळी गल्ली जमा झालेली. आणि मग पनीना येणार आणि सांगणार. आणि मग ते इथे फोन करणार, आणि ही पोरगी परत माझ्या खाटेकडे येणार, तिचं ते तोंड—नाही बाई. ते तोंड मला बघायचं नव्हतं. म्हणून म्हटलं, कपडे दे माझे. मी घरी जातो. का? बायको एकटी आहे म्हणून. बघा, काय अडकलो! आणि तिला ते पटलं, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, तुमच्यासारखा नवरा पाहिजे.

आली वाटतं बस. हो, हीच, येरुहामची. नाही, राहू द्या—राहू द्या, हात नका करू तिला. सगळी शिपाई पोरं भरलीत, त्यांच्या त्या पिशव्या, बंदुका, बसायला जागा कुठे? पुढची घेतो. तासाने आहेच. आधीची? आधीची पण अशीच भरलेली होती. घाम कुठे आलाय? ऊन आहे, घाम यायचाच. पाणी? द्या दोन घोट. देव बरं करो तुमचं. बस, बस, पुरे.

नाही, आत परत नाही जायचं. सही केली ना मी. सहीचं सांगत होतो—तर तो डॉक्टर लिओर आला कागद घेऊन, उभ्या उभ्या नाही, स्टूल ओढून बसला माझ्यासमोर. म्हणाला, सबा—आजोबाला इथे सबा म्हणतात—सबा, मी एकेक ओळ वाचतो, तुम्ही कळलं म्हणा. हिब्रू बोलता येतं मला, कारखान्यापुरतं. अक्षरंही वाचता येतात, प्रार्थनेच्या पुस्तकातली. पण कागदावरची सरकारी हिब्रू नाही येत. तर तो वाचायला लागला, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. मला माझ्या आजाराची माहिती दिली आहे. कळलं? कळलं. मला इथे राहण्याचा सल्ला दिला आहे. कळलं? कळलं. इथून गेल्यावर माझी तब्येत बिघडू शकते, मरणही येऊ शकतं, हे मला सांगितलं आहे. कळलं? सबा, कळलं? तिसऱ्यांदा विचारलं त्याने. मी त्या कागदाकडे बघत होतो. मी म्हटलं, डॉक्टर, ही ओळ सगळ्यांच्या कागदावर असते? म्हणाला, सगळ्यांच्या. सारखाच कागद असतो. म्हटलं, चार वर्षांपूर्वी पण असेल? त्याला वाटलं म्हातारा बरळतोय. परत प्रेशर मोजलं माझं.

डेबोराला पण इथेच आणलं होतं ना. इथेच. तोच दरवाजा. शुक्रवार होता. सकाळी तिला गरगरलं, हात बधिर झाला, शेजाऱ्याच्या गाडीतून आणली. तपासलं, आणि दुपारपर्यंत ती बरी झाली—हात हलवत होती, हसत होती. पण बायकांचं तुम्हाला माहीत आहे, घर सोडून राहवत नाही, शब्बाथ तोंडावर आलेला, दिवे लावायचे, मला म्हणाली चला घरी, माझं मन नाही इथे. मी म्हटलं थांब, डॉक्टर म्हणतायत तर थांब. ऐकते कुठे? सही केली आणि आलो घरी. शनिवारी सकाळी—झोपेतच. चेहऱ्यावर काही नाही. तिच्या मनासारखं झालं, घरी गेली. सगळ्यांना मी तेच सांगतो.

काय बघताय? खरंच सांगतोय.

शुक्रवारी शेवटची बस अडीचला सुटते. इथे तसंच आहे, तुम्हाला माहीत आहे, शुक्रवारी दुपारी सगळं बंद, मग शनिवारी तारे दिसेपर्यंत एक चाक हलत नाही. ती चुकली की दीड दिवस इथे, त्या लोखंडी खुर्चीवर. मला पाठीचं दुखणं होतं. घरी मटणाचं भांडं चुलीवर अर्धं शिजवून ठेवलेलं होतं, मीच बंद केलं होतं येताना. मला भूक लागली होती. एवढंच होतं हो. माणसाला वाटतं काहीतरी मोठं कारण असेल. दीड वाजले, पावणेदोन वाजले, मी घड्याळ बघतोय, आणि ती आपली उशीला टेकून बसलेली, एक नर्स तिचे केस नीट करत होती. डेबोरा मला म्हणाली, काय छान आहे हो इथे, सारखं कोणीतरी विचारतंय. राहूया का? असं म्हणाली ती. राहूया का.

मग डॉक्टरीणबाई आली, वयस्क होती, चांगली होती. मला म्हणाली, एक दिवस ठेवायला पाहिजे. मी म्हटलं, आम्हाला जायचंय. ती रागावली. म्हणाली, तुमच्या बायकोला हिब्रू किती कळतं? म्हटलं, बाजारापुरतं. म्हणाली, मग मी तुम्हाला सांगते, तुम्ही तिला तुमच्या भाषेत सांगा, शब्दन् शब्द सांगा: आम्ही तिला जाऊ नको म्हणतोय, परत झटका येऊ शकतो. सांगा. आणि उभी राहिली समोर, मी सांगतोय ते ऐकायला. मराठी. तिला काय कळणार होतं? मी डेबोराकडे तोंड केलं आणि म्हटलं—

थांबा. एक घोट द्या अजून.

मी म्हटलं, ‘डॉक्टरीणबाई म्हणतायत, बरी आहेस आता, घरी जा, दोन दिवस जड उचलू नको. इथे सही कर.’

डॉक्टरीणबाईने तिला विचारलं, कळलं? तिने मान हलवली. मराठीत सही केली तिने, डेबोरा सामाजी, जोडून जोडून, वर रेघ ओढली. ती रेघ ओढेपर्यंत मी दारात उभा होतो. बस मिळाली आम्हाला. पुढची सीट मिळाली. घरी आल्यावर तिने दिवे लावले, मला वाढलं, आणि गिदोनला फोन केला. मी नळाखाली हात धूत होतो, ऐकू येत होतं. म्हणाली, बाळा, घाबरू नको, डॉक्टर म्हणाले मी बरी आहे, तुझ्या अबांना सांगितलं त्यांनी.

कळलं तुम्हाला? त्याला तिनेच सांगितलं होतं. आणि मग शोकाचे सात दिवस आम्ही जमिनीवर बसलो होतो, चौथ्या की पाचव्या दिवशी त्याने इस्पितळाचा कागद मागितला. त्याला येते सरकारी हिब्रू, इथेच जन्मला. वाचला. परत वाचला. मग माझ्याशेजारी येऊन बसला आणि हळूच विचारलं—हिब्रूत, मराठी समजतं त्याला सगळं, पण उत्तर हिब्रूतच देतो—म्हणाला, अबा, तू आईला काय सांगितलंस? तेव्हा बोललो असतो तर ओरडला असता, रडला असता, काहीतरी झालं असतं. मी म्हटलं, तीच म्हणाली घरी चला. त्याला ठाऊक होतं ना. मला ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. सात दिवस पुरे केले त्याने, उठला, कपडे झटकले आणि लोदला गेला. तेव्हापासून सणाला सूनच फोन करते. नात एकदा बघितली. तिच्या कपाळाला हात लावला तर भ्यायली मला, नवीन माणूस म्हणून.

हे मी कोणाला बोललो नव्हतो. पनीनाला नाही, मशिदीतल्या कोणाला नाही—प्रार्थनेच्या घराला आम्ही मशीदच म्हणतो, जुनी माणसं. तुम्हाला का बोललो, सांगा? तुम्ही बांगडे म्हणालात म्हणून? आज त्या पोराने तो कागद ओळीने वाचला नसता तर तुम्हालाही बोललो नसतो. मरणही येऊ शकतं, हे मला सांगितलं आहे. त्या ओळीखाली तिची सही आहे. तिला सांगितलं नव्हतं कोणी. सांगायचं काम माझं होतं.

तुझा फोन? नको गो. कोणाला करू? नंबर पाठ आहे म्हणा, पाठ नसायला काय झालं, रोज मनात फिरवतो. नको, कामात असेल. दोन वाजता त्यांची पाळी बदलते, बरोबर आहे, दोन वाजून गेले, पण—बटणं केवढीशी आहेत. तू दाब. शून्य पाच चार… हां. पुढचे… हां. दे. नाही उचलणार तो, अनोळखी नंबर आहे. वाजतोय. बघ, म्हटलं ना, नाही उच—

गिदोन? मी. मी रे, अबा. … एका बाईचा फोन आहे. वसईच्या आहेत. … काय? कोणाचा फोन आला तुला? … पोलिसांचा. म्हणजे इन्बालने पाठवलेच. … हो. … पनीनाने सांगितलं त्यांना, तुझा नंबर पण तिनेच दिला. चावी होती का तिच्याकडे? हो, असेल, दिली होती तुझ्या आईने, मी विसरलोच. म्हणजे दार नाही तोडलं. … हो, मी दिलं नाव. चुकून दिलं. … चुकून रे, सवयीने. … गिदोन, ऐकू येतंय का? … हां. मला वाटलं लाइन गेली. … तू कुठे आहेस? गाडीत? … किर्यात मलाखी मागे टाकलंस? इकडे येतोयस? … कशाला रे एवढा— … काय?

नाही.

नाही रे, सही कशाला करीन? आतच आहे. … खाटेवर आहे. … तो आवाज बसचा, खिडकी उघडी आहे. … हो, वायरी लावल्यात. चांगले आहेत सगळे, चहा दिला. … नाही, दुखत नाही. वजन आहे थोडं. … कुठे जाणार मी? … बरं. सावकाश चालव. सावकाश.

घे गो तुझा फोन. ठेवला त्याने.

येतोय. पाऊण तासात इथे असेल. रडत होता की काय, गाडीत आवाज कळत नाही. आणि पहिलं काय विचारलं ठाऊक आहे? कसा आहेस नाही विचारलं. म्हणाला, अबा, खरं सांग, सही केलीस? मराठीत विचारलं गो. चार वर्षांत एक शब्द नाही, आणि हे मराठीत. मी नाही म्हटलं. ऐकलंस ना तू—नाही म्हटलं मी. परत तेच केलं. आता तो येणार आणि तिथे काचेमागे माझा कागद असणार, खाली माझी सही, आणि तो वाचणार, त्याला येतं वाचता. ह्या वेळी नाही. ह्या वेळी मला खाटेवर बघायला पाहिजे त्याने.

उठतो मी. धर जरा—नको, नको, थांब. पाय ऐकत नाहीत. बसू दे. परत ते वजन आलंय, थोडं जास्त आहे. नाही, घाबरू नको, बसलोय ना मी, बसलेला माणूस कुठे पडतो? तू आत जा. दारावरच्या शिपायाला पट्टीचं सांग, सोडेल तो तुला. इन्बाल, छातीवर नाव आहे तिच्या. तिला म्हणावं सामाजी परत आलाय, झिराडकर, बॉम्बेवाला. म्हणावं, डेबोराचं मी सांगतो, सगळं सांगतो, पहिल्यापासून सांगतो, तिने रागवावं पाहिजे तेवढं. पण तो कागद फाडायचा. डॉक्टरने ऐकलं नाही तर त्याला म्हणावं, म्हाताऱ्याला ती ओळ कळली नव्हती, आता कळली. खुर्ची कशाला बघतेस? चाकाची खुर्ची मागून आण. आधी कागद. माझ्याकडे बघत उभी राहू नको, बाय. जा. जा ना.